कार्ड बोललं नाही तर

यंत्र दुरुस्त झालं की गिऱ्हाईक ते घेऊन जातं आणि आपल्याकडे एक किस्सा राहतो. दुरुस्त नाही झालं तर दोन राहतात. यवतमाळात दारव्हा रस्त्याला आमचं छोटं वर्कशॉप होतं. तिथं ठेवायला कपाट एकच आणि किस्से मात्र वाढत चाललेले. अजूनही आम्ही तिघं भेटलो की नवीन बोलणं कमी होतं, जुनंच उकरून काढतो.

तिघं म्हणजे सलीमभाई, वैशालीताई आणि मी. आम्ही वजनकाटे कॉम्प्युटरला जोडून द्यायचो. काट्याखालच्या सेन्सरकडून वजन घेणारं कार्ड सलीमभाई बनवायचे. ते कार्ड कॉम्प्युटरच्या आत बसायचं. त्याच्याशी बोलणारा जो प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो वैशालीताई लिहायची. आणि हे सगळं मोटरसायकलला बांधून जिल्हाभर बसवत फिरायचो तो मी.

दिवस कापसाचे होते, पण वाईट. भाव पडलेला, पाऊस लहरी, माणसं कावलेली. काट्यावरच्या आकड्याकडे शंभर डोळे लागलेले असायचे. त्यामुळे आमच्या कामात चूक झाली तर ती आमच्यापुरती राहत नसे.

*

पहिला किस्सा वैशालीताईच्या लग्नाचा.

ती आर्णीची. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, वडील शाळेत मास्तर, त्यामुळे घरात शिक्षणाला सुट्टी नव्हती. पोरगी इंजिनियर झाली, पण ती नेमकं करते काय, हे आईला कळेना. एकदा ताईनं सोपं करून सांगितलं. कार्डापासून प्रोसेसरपर्यंत आकडे ज्या वाटेनं जातात तिला बस म्हणतात. कार्डानं उत्तर दिलं नाही किंवा वाटेत आकडा बिघडला, तर त्याला बस एरर म्हणतात. अशा वेळी ड्रायव्हरनं काय करायचं, ते मी ठरवते.

आईनं त्यातलं जमलं तेवढं लक्षात ठेवलं. पाहुणे बघायला आले तेव्हा मुलाच्या मामांनी विचारलं, पोरगी काय करते. आई म्हणाली, बस बिघडली की ड्रायव्हरनं काय करायचं ते ही सांगते.

मामा स्वतः कंडक्टर. ते सावरून बसले आणि आदरानं विचारते झाले, "कोनता डेपो, ताई?"

*

आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, आमचा काटा होता. तिथं गजानन नावाचा ऑपरेटर होता. मनानं सरळ आणि कॉम्प्युटरवर फार विश्वास.

शेजारच्या मशिनींच्या हादऱ्यानं एकदा आमचं कार्ड आपल्या खाचेतून अर्धवट वर आलं आणि मुकं झालं. आता बसवर कोणीच उत्तर दिलं नाही, तर वाचणाऱ्याला शून्य दिसत नाही. सगळे बिट एक दिसतात, म्हणजे बसेल तेवढा सर्वांत मोठा आकडा. तेव्हाचा आमचा ड्रायव्हर भोळा होता. जे दिसलं ते त्यानं खरं मानलं.

काट्यावर एक लहानशी बैलबंडी चढली. पडद्यावर आकडा आला, पासष्ट हजार पाचशे पस्तीस किलो.

गजानन उठून बाहेर गेला आणि बंडीभोवती फेरी मारून आला. बंडीवाल्या म्हाताऱ्यानं किती भरलं ते विचारलं. यानं खरंच सांगून टाकलं. म्हातारा बैलांकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बैलाईले नोको सांगू, बाप्पा. उद्या जुपू देनार नाहीत."

त्या आठवड्यात वैशालीताईनं ड्रायव्हर बदलला. सगळे बिट एक दिसले, तर आधी कार्डाला त्याची ओळख विचारायची. ओळखही तशीच आली, तर कार्ड जागेवर नाही असं समजायचं.

*

पण त्या बदलातून दुसरीच भानगड निघाली. कार्ड बोललं नाही की ड्रायव्हर पुन्हा विचारायचा, मग पुन्हा, आणि विचारतच राहायचा. कर्नेल तिथंच अडकायचं. माऊस हलेना, कीबोर्ड चालेना. अख्खा कॉम्प्युटर एका मुक्या कार्डाच्या दारात उभा.

किती वेळा विचारावं, यावर आमचा वाद लागला. ताई म्हणत होती दहादा, मी म्हणत होतो एकदाच. सलीमभाई शांतपणे सोल्डरिंग करत होते. त्यांनी सांगितलं, की लहानपणी अब्बांनी शिकवलं होतं, कोणाच्या घरी गेलं तर तीनदा सलाम करायचा. आतून जवाब नाही आला, तर परत फिरायचं. आणि मनात राग धरायचा नाही.

ताईनं तेच केलं. तीनदा विचारायचं, दर वेळी थोडं थांबून. नाहीच उत्तर आलं तर कार्ड बाजूला ठेवायचं, वर कळवायचं आणि बाकीचा कॉम्प्युटर चालू द्यायचा. त्या ओळीच्या डोक्यावर तिनं टीपही लिहिली, की हा आकडा सलीमभाईंच्या अब्बांच्या सांगण्यावरून.

पुढं एका पुण्याच्या कंपनीचा इंजिनियर आमचं काम बघायला आला. कोड वाचून खूश झाला. त्या ओळीपाशी थांबून त्यानं विचारलं, हे गृहस्थ कुठल्या कंपनीत होते.

सलीमभाई म्हणाले, "पांढरकवड्यात. सायकलचं दुकान होतं त्याईचं."

*

गजाननचा अजून एक. भर उन्हाळ्यात त्याचा फोन आला. ताईनं उचलला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, कॉम्प्युटर भेलं."

झालं होतं असं, की कर्नेलला पुढं जाणं धोक्याचं वाटलं की ते सगळं थांबवतं आणि पडद्यावर 'पॅनिक' असं लिहून मोकळं होतं. गजाननानं तो शब्द डिक्शनरीत बघितला होता.

ताईनं विचारलं, "कायले भेलं?"

"ते नाही सांगून राह्यलं. म्या पंखा त्याच्याकडं करून देल्ला."

आम्ही पोचलो तोवर कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन नीट चालत होता. आतला पॉवर सप्लाय तापला होता. आमच्या तिघांच्या आधी पंख्यालाच कळलं होतं.

*

झरी जामणीकडं जंगलाच्या कडेला एक खरेदी केंद्र होतं. तिथला आजार वेगळा. कार्ड बोलायचं, पण वाटेत आकडा बिघडायचा. बसवर तपासणीचा एक जास्तीचा बिट असतो, तो जुळायचा नाही. ड्रायव्हर तो आकडा टाकून द्यायचा आणि पुन्हा मागायचा. त्यामुळे वजन चुकत नव्हतं, पण यायला वेळ लागायचा आणि लोक वैतागायचे.

सलीमभाईंनी कार्ड बदललं, वायरी बदलल्या. शेवटी बाहेर जाऊन अर्थिंगचा खड्डा उकरला, तर माती ठणठणीत कोरडी. आवारातली मोटर सुरू झाली की तिचा सगळा त्रास जमिनीत जाण्याऐवजी आमच्या कार्डात यायचा. चौकीदार देवरावदादा कोलाम आदिवासी होते. वयस्क आणि मोजकं बोलणारे. त्यांना रोज खड्ड्यात घागरभर पाणी ओतायला सांगितलं. ते ओतायला लागले. एवढं पाणी वाया कशाला जाऊ द्यायचं, म्हणून त्यांनी जवळच अळूचे कांदे लावून दिले.

त्यानंतर तिथून तक्रार आली, तर वैशालीताई ना लॉग, म्हणजे कॉम्प्युटरनं ठेवलेली नोंद, मागायची, ना एरर विचारायची. पहिला प्रश्न एकच.

"देवरावदादा, अळू कसं हाये?"

सुकलं म्हणाले की ती फोनवरच दुरुस्ती सांगायची.

*

आता महागावचं सांगतो.

तिथल्या काट्यावर बस एरर अधूनमधून यायची. कारण सापडत नव्हतं. एरर आली की पडद्यावर ताईनं मराठीत लिहिलेली ओळ यायची, 'वजन मिळाले नाही'. मग ऑपरेटरनं कार्ड पुन्हा चालू करायचं आणि बंडी परत तोलायची. मोसमाच्या अखेरीस, रस्त्यापर्यंत रांग लागलेली असताना, ही ओळ वारंवार यायला लागली. मॅनेजर शिंदेसाहेबांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं.

माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. आदल्या दिवशी रांगेत ढकलाढकली झाली होती. त्यांचं म्हणणं असं, की लोकांना ती ओळ दिसायलाच नको. कार्ड बोललं नाही तर शेवटचं जे चांगलं वजन आलं असेल ते दाखवा आणि रांग पुढं सरकवा. दिवसाकाठी दोनचार बंड्यांचा प्रश्न, कोणाला कळतं. मला ते म्हणाले, तुम्ही समजूतदार आहात, ताईंना सांगा. नाहीतर काटा काढून न्या.

हा काटा गेला असता तर जिल्ह्यातली बाकीची कामंही गेली असती. मी ताईकडं बघितलं. ती खुर्चीवरून उठली नाही.

"साहेब, कार्ड बोललं नाही तर त्याच्या वतीनं आपण बोलायचं नाही," ती म्हणाली. "ते लिहायचं तर मीच लिहिन ना. मी नाही लिहिनार."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. एरर आली होती. काट्यावर अंजनाबाई नावाच्या बाईंची बंडी उभी होती. फरदडीचा कापूस, म्हणजे हंगामाच्या शेवटचा, बंडी अर्ध्याहून कमी भरलेली. त्यांच्या आधी एक गच्च भरलेला ट्रॅक्टर तोलून गेला होता. शिंदेसाहेब बाहेर आले आणि वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, की या ताई ऐकत नाहीत, नाहीतर आत्ताच्या आत्ता मागचं वजन लावून बाईंना मोकळं केलं असतं. बाईंचा फायदाच आहे.

अंजनाबाई पडद्याकडं बघू लागल्या. फायदा कोणाला नको असतो?

त्यांच्या मागं एक धिप्पाड गडी उभा होता. त्याची बंडी वरपर्यंत दाबून भरलेली. तो डोकं खाजवत विचार करत होता. मग एकदम पुढं आला.

"थांबा साहेब. बाईले ट्रॅक्टरचं वजन देता. पन बाईचं बरोबर आलं अन् माह्या टायमाले मशीन बंद पडली, तं मले कोनाचं भेटन?"

कोणीतरी मागून ओरडलं, "बाईचं!"

हसणं रस्त्यापर्यंत गेलं. आदल्या दिवशी एकमेकांच्या अंगावर धावलेली माणसं चाकांना धरून हसत होती. शिंदेसाहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी हात झटकला आणि सलीमभाईंना म्हणाले, खोला बाबा, काय ते बघा.

सलीमभाईंनी कॉम्प्युटर उघडला. कार्डाच्या खाचेत कापसाच्या रुईचा तंतू दाबून बसला होता, केसाएवढा. त्यांनी तो ब्रशनं काढला, कार्ड पक्कं बसवलं, स्क्रू आवळला. दुसऱ्या बंड्या मागं सारून अंजनाबाईंची पुन्हा तोलली. या वेळी कार्ड बोललं. आकडा लहानच होता. ऑपरेटरनं तो मोठ्यानं वाचला.

अंजनाबाईंनी तो ऐकला, पदर खोचला, कासरा हातात घेतला. मग मागं वळून त्या धिप्पाड गड्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"माह्यं वजन म्हने याले भेटते," त्या म्हणाल्या. "पेलन का रे तुले?"