साडूंचं अपुरं चित्र

आमच्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस नीरेच्या दोन्ही काठांना सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका ताप मला आजवर कुणी दिलेला नाही. बारामतीला ते चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाले आणि दर रविवारी बगलेत फळी, खांद्याला छत्री अशा थाटात पणदऱ्याला एसटीतून उतरून आमच्या मळ्यात हजर व्हायला लागले. मळ्याखाली नदीला लागून आमचा एक तुकडा आहे. बाभळी, करंज, वाळुंज, आणि त्यांच्यावर बगळ्यांची नि पाणकावळ्यांची घरटी. त्या रानाची चित्रं काढायची, विकायची आणि आलेले पैसे नदीकाठची रानं राखणाऱ्या पोरांना द्यायचे, हा त्यांचा उद्योग.

चित्र काढताना ते कुणाला सुखाने जगू देत नाहीत. माझी मोटर सुरू झाली की ओरडतात, "पाव्हणं, बंद करा ती! पाण्यातलं झाड हालतंय!" ऊस तहानलेला, दिवसाची लाइट कधी नव्हे ती आलेली, आणि मी झाडाच्या प्रतिबिंबासाठी मोटर बंद करतो. शेजारचे आबा एकदा चित्र निरखून म्हणाले, "मास्तर, समदं ब्येस हाय, पर ह्यात ट्रॅक्टर कुठं हाय?" साडूंनी त्यांना रान म्हणजे काय ते तासभर समजावलं. आबांनी मुकाट ऐकलं आणि जाताना म्हणाले, "बरं, मग निदान बैल तरी काढा."

खरा घोळ माझ्याच तोंडाने झाला. तो तुकडा साफ करून तिथे ऊस लावायचा माझा बेत होता. जेसीबीही सांगून ठेवला होता. साडूंना हे कळलं ते आमच्याकडे जेवताना. भांडले नाहीत. घास हातात धरून एवढंच म्हणाले, "एक मोठं चित्र धरलंय, पाव्हणं. तेवढं पुरं हुस्तवर दम काढा." ताटावर बसलेल्या साडूला नाही कसं म्हणायचं? बायकोदेखत शब्द दिला.

त्यानंतर उसाचे हंगाम आले नि गेले, चित्र अपुरंच. पूर ओसरला, तर म्हणे काठ बदलला. बाभळी फुलल्या, तर म्हणे पिवळा चुकला. शेवटी मी चिडलो, "पाव्हणं, मुद्दाम लांबवताय व्हय?"

"न्हाय ओ," ते कळवळून म्हणाले, "रानच थांबंना, त्याला मी काय करू?"

आतून बायकोचा आवाज आला, "दाजींना काय बोलू नका!" मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोललो, ते इथे लिहायचीही लाज वाटते.

गेल्या रविवारी आले, तेव्हा त्यांचा हात कापत होता. ब्रशचा फटकारा भलतीकडेच गेला. कागदाकडे बघत हळूच म्हणाले, "आता पुरं झालं म्हणावं का?"

समोर बाभळीवर पिल्लांचा कलकलाट चालला होता. मी वाकून चित्र पाहिलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"न्हाय, पाव्हणं," मी म्हणालो, "ती कडंची बाभळ राहिली की."

साडूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि नवा रंग कालवायला घेतला.