बांध ओलांडलेला राब

शिवारात राब भाजायला लागले की धुराचा वास किन्हवलीच्या आमच्या घरात शिरतो आणि मी खिडक्या लावून घेतो. कल्याणच्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "घरात गप्प राहायला कधी शिकलात?" तेव्हा हाच वास आठवला, म्हणून लिहितोय. मी कॉलेजात होतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून बाबांनी पालापाचोळा, शेण पसरून पेटवलं. "कळशी भरून आणतो. वाऱ्याकडं ध्यान ठेव रे," म्हणाले आणि विहिरीकडे गेले. मी आंब्याखाली मोबाइलवर मैत्रिणीशी बोलत बसलो. वारा फिरला, आग बांध ओलांडून गेली आणि काकांची पेंढ्याची उडवी पेटली. काका धावत आले, विहिरीवरून बाबाही आले. "दादा, पावसात माझी गुरं काय खातील? तुला राब भाजता येत नाय आता?" बाबांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "चुकलं रे. माझंच ध्यान नव्हतं," थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला. मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. बाबा गेले तेव्हा काका लांबच उभे राहिले, खांदा द्यायलाही पुढे झाले नाहीत, आणि तेव्हाही मी गप्पच. बाईंना हे सगळं सांगताना रडलो, मोकळं वाटलं. पण ते सांगायला मी दोन एसट्या बदलून कल्याणला गेलो. काका तर हाकेच्या अंतरावर राहतात, आज संध्याकाळीही ओट्यावर बसून धुराकडे बघत होते.