एका बाटलीतल्या गोळ्या

माझ्या नवऱ्याला बी प्रकारची कावीळ आहे, रक्तात मुरलेली. रोज सकाळी एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही, असं शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तीन वर्षं रिपोर्ट चांगले आले. यंदा विषाणू पुन्हा वाढला आणि यकृताला सूज आली.

"गोळ्या चुकवल्या का?" बाईंनी विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हणाले. शेजारी हे मान खाली घालून बसलेले. मग खरं काय ते ओकले.

धाकट्या दिरालाही हाच आजार निघाला होता, नेमकी वरवंडची सोयरीक ठरत असताना. दवाखान्यात नाव लागलं तर बोभाटा होईल, म्हणून सासूबाईंनी वर्षभर ह्यांच्याच बाटलीतल्या गोळ्या दोघांना वाटल्या. आज थोरल्याला, उद्या धाकट्याला. म्हणे, एका ताटात जेवल्याली पोरं हायती. आणि साखरेच्या डब्यात कुणी हात घातला हे ओळखणारी मी, मला ह्या बाटलीतली वाटणी दिसली नाही. त्याचा राग अजून जात नाही.

बाई म्हणाल्या, अशा अर्धवट औषधानं विषाणू पुरता मरत नाही. तो बदलतो, आणि बदललेल्याला ती गोळी लागू पडत नाही. माझं टाळकंच फिरलं. कांद्यावर फवारताना औषधाचं माप कमी पडलं, तर कीड सोकावंल म्हणून गड्याला शिव्या देणारा हा माणूस. कांद्याचं कळतं, स्वतःचं कळत नाही.

नवी, वेगळी गोळी सुरू झाली. तिसऱ्याच सकाळी हे एक गोळी कागदात गुंडाळताना सापडले.

"त्याचं लगीन तोंडावर आलंय गं," म्हणाले.

मी ती गोळी हिसकावली, त्यांच्या तोंडात घातली, पाणी पाजलं आणि अंगणात दिरापुढे जाऊन उभी राहिले.

"भावजी, गाडी काढा. तुमच्या नावाचा केसपेपर काढायचाय."

"वयनी, वरवंडला कळंल."

"कळायलाच पायजे. हा आजार बायकोलाबी लागतो, लग्नाआधी त्या पोरीला लस टोचावी लागती. आज तुम्ही सांगा, न्हाईतर मी सांगते."

सासूबाई गाडीसमोर येऊन उभ्या राहिल्या. सोयरीक मोडंल म्हणाल्या.

"आत्या," मी म्हणाले, "सोयरीक दुसरी मिळंल. पोरं तुम्हाला दोनच हायती."

त्या बाजूला झाल्या.