वडप्याच्या गोडाऊनमधला पिवळा पट्टा

भिवंडीला कुणी फिरायला जातं का, असं आई म्हणालीच. मी फिरायला चालले नव्हते. वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये कामगार बायकांसाठी ‘नेतृत्व विकास’ असं भारदस्त नाव दिलेलं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, आणि तिथे शिकवायला मला बोलावलं होतं. म्हटलं, येताना भिवंडीत मस्त जेवू, ब्लॉगलाही विषय होईल.

नाशिकहून ठाण्याची एसटी धरा आणि कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर वडपे मागे पडतं आणि उतरता थेट माणकोलीला. कसारा घाट झोपेत गेला. पडघ्यापुढे मात्र कंटेनरच्या रांगेत तासभर घाम गाळला. फाट्यावरून गोडाऊनपर्यंत शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. खड्डे असे की बॅग मांडीवरच धरावी.

ट्रेनिंगला सतरा जणी. अगदी पुढे वनिता बसलेली. जवळच्या डोंगरपाड्यावरची, सहा वर्षं पॅकिंगला. नेतृत्वाचं हे तिचं तिसरं ट्रेनिंग, दोन सर्टिफिकेटं आधीच घरी. गोडाऊनमध्ये सुपरवायझरची एक जागा रिकामी होती आणि तिला ती हवी होती.

"सुपरवायझरला कायम सकाळची शिफ्ट," ती म्हणाली. "माझी दर आठवड्याला बदलते. पोरगी आठवीत हाय, तिला घरी एकटी टाकून यायला लागतं."

दुपारी डबे उघडले. वनिताने नाचणीची अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्या हातावर ठेवली. त्या दोन दिवसांत खाल्लेलं सगळ्यात चविष्ट तेच. तेवढ्यात डॉकवर काम करणारा राकेश दारात आला. "वनितादीदी, जरा आओ ना. गाडी अटकी है, माल मिल नहीं रहा."

ती हात धुऊन निघाली, मीही मागे गेले. डॉक म्हणजे ट्रक लागतात ती जागा. तिच्या अलीकडे जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला. वनिता पट्ट्याशी थांबली आणि तिथूनच ओरडून सांगू लागली, "लेबल नको बघू, बॅच नंबर बघ. दोन गाड्यांचा माल उलटा लागलाय." दहा मिनिटांत गाडी सुटली.

"पुढे का नाही गेलीस?" मी विचारलं.

"बायकांनी पट्टा वलांडायचा न्हाय. सेफ्टी."

दुसऱ्या दिवशी मी ‘आवाज कसा उठवावा’ यावर दोन तास बोलले. टाळ्या झाल्या, सर्टिफिकेटं वाटली, फोटो निघाले. आणि सर्टिफिकेटांच्या त्याच टेबलामागे उभं राहून मॅनेजरने राकेशला सुपरवायझर केल्याचं जाहीर केलं. मी त्यांना बाजूला गाठलं.

"वनिता का नाही?"

"हुशारच आहेत त्या. पण मॅडम, सुपरवायझरला सहा महिने डॉकचा अनुभव लागतो. नियम आहे."

"आणि डॉकवर बायकांना सोडत नाही, हाही नियमच?"

"त्यांच्याच सेफ्टीसाठी आहे तो."

"मग हे ट्रेनिंग कशाला घेता?"

"वरून येतं. फोटो पाठवावे लागतात."

माझं डोकंच सणकलं. दार लावून घेणारे हेच, आणि बायका पुढे येत नाहीत म्हणून त्यांना शिकवायला बाहेरून माणूस बोलावणारेही हेच! आणि ते बाहेरचं माणूस म्हणजे मी. शिकून झाल्यावर या बायकांना कुठली जागा देणार, एवढा साधा प्रश्न मला येण्याआधी सुचला नव्हता. लाज वाटली स्वतःची. राकेशवर काय रागवायचं, तो वनितापुढे मान खाली घालून उभा होता.

निघताना ती एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमी शिकवलं ते मला येतं. त्या पट्ट्याचं सांगा कोनाला तरी."

संध्याकाळी भिवंडीत दाल-गोश्त मागवलं. तिथलं जेवण नामी असतं आणि खिशालाही परवडतं, जाल तेव्हा जरूर खा. मी मात्र त्या दिवशी अर्धं ताट तसंच ठेवून उठले.

नाशिकला परतले आणि महिन्याभरात पुढच्या बॅचचा मेल आला. आधी डॉक बायकांना खुला करा, मग येते, असं कळवलं. उत्तर आलं की दुसऱ्या मॅडम मिळाल्या आहेत. इतकं सोपं असतं त्यांना. या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं, तर हा संताप, असंच लिहून मी हे संपवणार होते.

काल वनिताचा फोन आला. तिला चौथ्यांदा ट्रेनिंगला बसवलं होतं.

"नव्या मॅडमनी इचारलं, काय शिकायचंय. मी म्हनलं, चला, दाखवते. समद्या जनी उठलो नि पट्टा वलांडून डॉकवर गेलो. दोन गाड्या भरल्या. साहेब धावत आले, कोनाच्या परवानगीनं म्हनून."

"मग?"

"म्हनलं, आजची तारीख लिवून घ्या. सहा महिने इथून मोजा."

"लिहिली त्यांनी?"

"न्हाय. मंग मीच लिवली. डॉकच्या भिंतीवर, पेट्यांवर लिवतो त्या मार्करनं."