अंकलच्या बोटीची मागची फळी

अख्ख्या शारजात लाकडाचा एवढा संशय घेणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका अल नहदात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचा. वसईचे हे अंकल एका हॉटेलचं किचन-स्टोअर सांभाळायचे. कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा आत घ्यायचा नाही, ही तीस वर्षांची सवय. पुढे तीच त्यांनी फळ्यांना लावली. रास अल खैमाला त्यांनी एक जुनी छोटी मोटरबोट घेतली होती. बाकी ठणठणीत, पण जिच्यावर इंजिन टांगतात ती मागची फळी भिजलेल्या पावासारखी झालेली. ती बदलायची, एवढंच काम. रिटायर होऊन वसईला जायला आठ महिने होते. त्याआधी आंटींना एकदा त्या बोटीतून समुद्रात फिरवायचं, असा अंकलनी शब्द दिला होता. आंटी कोळ्याची लेक. लहानपणी वडिलांच्या होडीत बसायच्या, लग्नानंतर एकदाही नाही.

झालं, निवड सुरू झाली. सागवान जड, बोट मागून बसणार. प्लास्टिकचा बोर्ड स्क्रू धरत नाही. मरीन प्लायवर शिक्का होता, पण अंकल म्हणाले, "शिक्का काय, खराब चीजवर पण असतो." खरा मरीन प्लाय उकळला तरी सुटत नाही, असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि अंकलनी त्याचे तुकडे आंटींच्या मटणाचं इंदियाल शिजवायच्या टोपात तीन दिवस उकळले. वास लिफ्टपर्यंत. वॉचमन येऊन विचारून गेला, "अंकल, क्या पक रहा है?" अंकल गंभीरपणे म्हणाले, "कुछ नहीं पक रहा, वही अच्छा है." आंटींनी नंतर तो टोप टाकूनच दिला.

तुकडे शाबूत निघाले. तरी अंकल त्यातला एक माझ्या हातात द्यायला आले, कारण मी फॅब्रिकेशनमधला. "तू फायनल बोल. तू हो म्हणालास की यल्ला, बसवून टाकतो."

मला कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे. त्यांची गंमत बघायची चटकच लागली होती मला. म्हणालो, "अंकल, अ‍ॅल्युमिनियमचा विचार केलात?"

दुसऱ्या दिवसापासून पार अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपांत फेऱ्या सुरू. बाथरूममधल्या मिठाच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बुडाल्या. आंटींनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, नेक्स्ट सॅटर्डे." मी ऑफिसात हे किस्से रंगवून सांगायचो. असे ते आठ महिने संपले. बोट कुणीतरी आहे तशी घेऊन गेलं.

एअरपोर्टला त्यांना मीच सोडलं. आंटी मागच्या सीटवरून ममझारच्या खाडीच्या पाण्याकडे बघत होत्या. अंकलनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं झालं बाबा, तू वेळेवर थांबवलंस. घाईत तो प्लाय लावला असता आणि हिला काही झालं असतं तर?"

मी नुसती मान हलवली. प्लाय उत्तम होता. मला तो हातात घेतल्याबरोबर कळलं होतं.