बाटलीतला बुडबुडा

पहाटे पाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा, तोही कपाळावर आठी घेऊनच. भावंडांत धाकटा, पण राग थोरल्याचा. उठला की आधी पंपाची नळी धुवायची, मग स्वतःचं तोंड. भाचरं त्याला बाटलीमामा म्हणत, कारण मामा जमिनीखालचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरून तपासणीला पाठवायचा. सरकारी पाणी कचेरीत तीच त्याची नोकरी.

त्याच्याकडच्या विहिरींपैकी एक रंगाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून होती. विहीर कसली, जमिनीत खोल उतरवलेला पाइप, वर झाकण, झाकणाला कुलूप. भिंतीपलीकडच्या गल्लीत त्याची थोरली बहीण राहायची. सगळ्या गल्लीला मिळून एकच हापसा. त्याच्या पाण्याला थिनरचा वास येतो म्हणून ताई ओरडून थकली होती. या विहिरीच्या बाटलीवरून कचेरीचा अहवाल मात्र दर वेळी एकच: पाणी ठीक.

ठीक येणारच. पाइपात साचून राहिलेलं पाणी शिळं. वास मारणारं द्रव्य त्यातून उडून गेलेलं असतं. ते सगळं उपसून टाकायचं, खालचं ताजं पाणी येऊ द्यायचं आणि मगच बाटली भरायची. या उपशात कंबर ढिली होते. नव्या साहेबांनी उपसाच बंद करून टाकला होता.

"साहेब, हे शिळं पाणी आहे," त्या दिवशी विहिरीपाशी तो म्हणाला.

"मामा, मला काय माहीत नाही?" साहेब सावलीतूनच म्हणाले. "वरून सांगितलंय, झटपट उरका. भरा बाटली नि चला."

"म्हणजे माहीत असून?"

"माहीत असूनच. मलाही पोट आहे."

"ते दिसतंय की! भिंतीपलीकडे माझी भाचरं हेच पाणी पितात. त्यांना पोट नाही?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांकडे पाठ करून त्यानं पंप पाइपात सोडला. साहेब ओरडले, मग गाडीत बसून काच वर करून घेतली. बऱ्याच वेळानं पाणी बदललं, वास नाकाला झोंबला. तेव्हा त्यानं बाटली भरली. रागातच झाकण आवळलं आणि बाटली पेटीत ठेवून पेटी धाडकन बंद केली.

प्रयोगशाळेनं बाटली नाकारली. आत वाटाण्याएवढा बुडबुडा होता. ही बाटली काठोकाठ भरायची, उलटी करायची, टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची, नाहीतर द्रव्य त्या हवेत निसटतं आणि आकडा खोटा येतो. हे तो झोपेतसुद्धा करू शकला असता. त्या दिवशी रागाच्या भरात बाटली उलटी करायचीच राहिली. कचेरीची पुढची पाळी आता तीन महिन्यांनी.

साहेब हसले असते तरी चाललं असतं. त्यांनी नुसता 'बाद'चा शिक्का मारून कागद पुढे सरकवला.

ताईनं कसर भरून काढली. "वा रे बहाद्दर! साहेबाशी भांडायला जोर, आणि एक झाकण धड लावता येईना?"

"चुकलं गं ताई."

"चुकलं म्हणालास की पोरांच्या अंगावरचे चट्टे जातात का? तीन महिने काय पाजू त्यांना, बोल!"

सुट्टीच्या दिवशी तो थेट गल्लीतल्या हापशावर उभा राहिला आणि दांडा मारत सुटला. पाणी गटारात चाललेलं पाहून बायकांच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"अहो बाटलीमामा, आमच्या बादल्या काय तुम्ही भरणार?"

"हे पाणी गटारालाच द्यायच्या लायकीचं आहे!" तो खेकसला.

दंड भरून आले, तरी थांबला नाही. शेवटी ताईनंच पदर खोचला. "हो बाजूला. मी मारते दांडा, तू भर. आणि डोकं थंड ठेव जरा."

राग थंड झाला नाही, पण हात शांत झाले. बाटली भरली, उलटी केली, टिचकी मारली. बुडबुडा. ओतून दिली. पुन्हा भरली, पुन्हा बुडबुडा. मग एकदाची नितळ भरली, तेव्हा ती घेऊन तो तडक खासगी प्रयोगशाळेत गेला.

आकडा इतका वाईट आला की कचेरीला तो दडपता आला नाही. हापशाचा दांडा काढून नेला, कारखान्याच्या वरच्या अंगाच्या स्वच्छ विहिरीवरून गल्लीत नळ आला. नळ सोडायला साहेबच आले आणि फोटो काढून घेऊन गेले. मामा त्या फोटोत नव्हता. त्या महिन्याच्या पगारातून त्याला खोलीचं गळकं छप्पर दुरुस्त करायचं होतं. ते तसंच गळत राहिलं. पगार गेला एका बाटलीच्या तपासणीत.