धिंगरीच्या खोलीतल्या माश्या

खराडीच्या कंपनीनं मला मंदीचं कारण सांगून काढलं, त्याच महिन्यात यवतमाळकडच्या गावी सासूबाई गेल्या. दोन्ही गोष्टी मी नीट पार पाडल्या. लॅपटॉप परत केला, सह्या केल्या. गावी गेले, तेराव्यापर्यंत पोळ्या लाटल्या, परत आले. रडू आलं नाही. लोक म्हणाले, किती धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तशी मी आतून बधीर झाले होते.

सासऱ्यांना आम्ही पुण्याला, मांजरी भागातल्या आमच्या घरी घेऊन आलो. गावात ते एकटेच राहिले असते आणि जेवलेच नसते. सगळे पाहुणे पांगल्यापासून ते नुसत्या चहावर होते. आमच्याकडे ते सोफ्याच्या कडेला बसायचे, एसटीची वाट बघत असल्यासारखे. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, मले काही काम सांग. नाही तं मी जातो गावाले. बसून खाणं मले जमत नाही." नवरा सकाळी कंपनीत जायचा तो रात्रीच उगवायचा. त्यामुळे त्याच्या वडिलांना काम शोधण्याचं कामही माझ्याकडेच आलं.

वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत मी तेव्हा धिंगरी मशरूम लावले होते. एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं. गव्हाचा भुसा गरम पाण्यातून काढायचा, बियाण्याचे थर देत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा आणि पिशव्या अंधारात टांगायच्या. भुशावर पांढरी बुरशी चढते, मग तिला मशरूम फुटतात. चारचौघांत 'काहीतरी करते' असं सांगता यावं, एवढाच माझा हेतू. सदाशिव पेठेतली माझी आई म्हणाली, "इंजिनिअर केलं ते कुत्र्याच्या छत्र्या लावायला."

त्या बुरशीच्या वासाला बारीक काळ्या माश्या येतात. भुशात अंडी घालतात, अळ्या बुरशी खातात आणि मशरूमचे देठ पोखरतात. मी म्हटलं, "बाबा, माश्या तुम्ही बघा."

त्यांनी बघितल्या. खिडकीची जाळी काढून बारीक जाळी लावली, कडा दाभणानं शिवल्या. दाराला एकामागे एक दोन पडदे केले. कंपनीतून माझ्याबरोबर आलेले पुठ्ठ्याचे पिवळे फोल्डर कापून त्यांना एरंडेल फासलं आणि बल्बशेजारी टांगलं. पिवळ्या रंगावर आणि उजेडावर माश्या येतात, तेलाला चिकटतात. संध्याकाळी चहाच्या वेळी ते आकडा सांगायचे. "आज एकोणचाळीस." दुसऱ्या दिवशी, "आज सव्वीस." ते दोन वेळा जेवायला लागले. कपाशीच्या गोष्टी सांगायला लागले. फवारणीच्या दिवशी विहिरीवरून पाणी सासूबाई आणून द्यायच्या, पाठीवर पंप चढवायलाही त्याच हात लावायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा असायचा आणि मी ऐकताना भांडी पुसत असायचे.

पिशव्यांच्या दुसऱ्या खेपेला माश्या वाढल्या. साठ, ऐंशी, मग सव्वाशे. बाबांनी जाळी तीनदा तपासली, पुठ्ठे दुप्पट केले. एका रात्री ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठले. "माह्या हातून होत नाही हे," म्हणाले. मी ताट उचललं.

दोन दिवसांनी मी कोरेगाव पार्कातल्या हॉटेलात मशरूम देऊन दुपारी परत आले, तर ते जिन्यात उभे होते. तोंडाला दुपट्टा, हातात माझा पाणी मारायचा पंप, घराला उग्र वास. "आता कायजी करू नको," म्हणाले. "हडपसरवरून औषध आणलं. कोपरान् कोपरा मारला. एक माशी दिसली तं मले सांग." सासूबाई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

मशरूमवर औषध मारत नाहीत. मशरूम ते शोषून घेतात. हे मला प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. बाबांना मी ते कधी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, ही कपाशी नाही," मी म्हटलं. "लोकांच्या पोटात जातं हे. सगळं फेकायचं आता."

आमच्या पेठेत हे सौम्य बोलणं झालं. त्यांनी दुपट्टा सोडला आणि चार घड्या घातल्या. "मले माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले.

तोंड बांधून मी सगळ्या पिशव्या उतरवल्या. बाहेर ठेवायला खोलीमागच्या गॅलरीत गेले, तर तिथं पहिल्या खेपेच्या, मशरूम काढून झालेल्या जुन्या पिशव्या पडल्या होत्या. त्या त्याच दिवशी लांब टाकायच्या असतात. मी कंटाळा केला होता. एक पिशवी पायानं हलवली. आत अळ्यांची वळवळ होती. माश्या इथूनच आत येत होत्या, पिशव्या न्यायला-आणायला मी गॅलरीचं दार उघडायचे तेव्हा. बाबांची जाळी, पुठ्ठे, सगळं बरोबर होतं.

खाली आले तेव्हा ते धोतर पिशवीत भरत होते. मी दारात उभी राहिले, पण गॅलरीतल्या पिशव्यांचं सांगितलं नाही. लाज वाटली असं म्हणता आलं असतं तर बरं. पण मला काहीच वाटत नव्हतं. बोलायचे कष्ट नको होते, इतकंच. नवऱ्यानं थांबा म्हटलं. ते म्हणाले, घर पाहून येतो. संध्याकाळच्या गाडीनं गेले.

मी खोली धुतली, गॅलरी रिकामी केली, नव्या पिशव्या भरल्या. महिन्याभरात पुठ्ठे रिकामेच राहायला लागले. तेव्हा फोन केला. जेवलात का विचारलं, तर "हो" म्हणाले, नाही म्हटल्यासारखं. मग त्यांनीच विचारलं, "माश्या गेल्या काय?"

"गेल्या, बाबा. एकही नाही. चूक माझी होती, जुन्या पिशव्या मी गॅलरीत ठेवल्या होत्या. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही या परत."

 ते म्हणाले, "बरं झालं. मंग आता तिथं येऊन मी करू काय?"

'आहेत अजून, पुष्कळ आहेत,' एवढं म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी दारात असते. मला हे सुचलं तेव्हा फोन ठेवून झाला होता. त्यानंतर ते पुण्याला आले नाहीत.